कायद्याची ओसरी : लग्नाआधीचा करार कोर्टात किती टिकतो?

गेल्या दोन महिन्यांत लग्नाआधीच्या कराराबद्दल इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेतलाच नाही. त्यातली चार इथे घेते. कुणाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांची, नाशिकला दातांचा दवाखाना चालवते. सात वर्षांपूर्वी घटस्फोट झाला, ११ वर्षांची मुलगी माझ्याकडे असते. आता एका विधुर गृहस्थांशी लग्न ठरलं आहे. ते ४९ वर्षांचे, त्यांना दोन मोठे मुलगे. माणूस चांगला आहे, माझ्या मुलीलाही लळा लागलाय. पण साखरपुड्यानंतर आठ दिवसांनी त्यांच्या थोरल्या मुलाने १४ कलमांचा करार आणून दिला. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरी करायचा आहे. त्यात लिहिलंय : मी कधीही पोटगी मागणार नाही. वेगळं व्हायची वेळ आली तर ३० दिवसांत बंगला सोडीन. त्यांच्या पश्चात कुठल्याही मिळकतीत वारसाहक्क सांगणार नाही. माझ्या मुलीची जबाबदारी त्यांच्यावर नाही. माझा दवाखाना मात्र माझाच राहील. एक वकील म्हणाले, "असल्या कागदाला आपल्याकडे काडीची किंमत नाही, करून टाका सही." दुसरे म्हणाले, "सही केलीत तर अडकलात." खरं काय?

उत्तर : ताई, आधी एकच सांगते. "किंमत नाही, करून टाका सही" हा सल्ला मनावर घेऊ नका. मी २६ वर्षं पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात काम करते आहे. कोर्टात न टिकणाऱ्या कागदांनी बायकांना कोर्टाबाहेर किती दाबलं जातं, ते मी रोज पाहते. समुपदेशकाच्या खोलीत, नातेवाइकांच्या बैठकीत, सोसायटीच्या ऑफिसात तो कागद पुढे सरकवला जातो : "तुम्हीच लिहून दिलंय ना?" बाईचा आवाज तिथेच बसतो. कागद रद्दबातल आहे हे सांगायला त्या खोलीत न्यायाधीश नसतो.

आता कायदा. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात विवाहपूर्व कराराबद्दल चकार शब्द नाही. त्यामुळे असा करार आला की कोर्ट तो १८७२ च्या करार कायद्यावर घासून पाहतं. दोघं सज्ञान आहेत का, संमती मोकळ्या मनाने दिली का, दडपण किंवा फसवणूक होती का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कलम २३ : कराराचा हेतू बेकायदेशीर किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे का. आपल्याकडचे बहुतेक करार या शेवटच्या पायरीवर घसरतात. हे आजचं नाही. १९०१ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. नवऱ्याने लग्नाआधी लिहून दिलं होतं की मी कायम सासूच्या घरी राहीन, तिच्या सांगण्याप्रमाणे वागेन. म्हणजे घरजावईपणाचा लेखी करार. पुढे त्याने बायकोला आपल्या घरी न्यायचं ठरवलं, तेव्हा हा कागद त्याच्या आड येऊ शकत नाही असं कोर्टाने सांगितलं. नवराबायकोच्या नात्याचे हक्क आणि कर्तव्यं खाजगी कागदाने बदलता येत नाहीत, हा विचार तेव्हापासून चालत आलाय.

तुमची कलमं याच नजरेने एकेक पाहू.

पोटगी सोडून देण्याचं कलम टिकत नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकातलं प्रकरण होतं. बायकोने तडजोडीत आठ हजार रुपये एकरकमी घेतले होते आणि पुढे काही मागणार नाही असं मान्य केलं होतं. तरीही तिचा पोटगीचा नवा दावा कोर्टाने उचलून धरला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये पोटगीचा हक्क सोडणारा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरवला. कारण साधं आहे. पोटगी हा फक्त दोघांमधला हिशेब नाही. निराधार माणूस रस्त्यावर येऊ नये म्हणून कायद्याने केलेली ती सोय आहे, आणि ती सही करून पुसता येत नाही. तुम्ही कमावत्या आहात, कदाचित पोटगीची गरज कधी पडणारही नाही. पण उद्या मनगटाला दुखापत झाली, हातात औजार धरवेना झालं, तर? त्या दिवसाचा हक्क आज लिहून देऊ नका.

३० दिवसांत घर सोडण्याचं कलम. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ ने प्रत्येक विवाहित बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिलाय, घर कुणाच्याही नावावर असो. कायद्याने ठरवलेल्या मार्गाखेरीज तिला बाहेर काढता येत नाही. कराराने तो मार्ग लहान होत नाही.

वारसाहक्काच्या कलमाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. त्या मुलांची आई गेली आहे. ज्या घरात ती वावरली ते घर उद्या आपल्या हातून जाईल ही भीती त्यांना आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. पण ती भीती घालवायचा मार्ग त्यांनी चुकीचा निवडलाय. माणूस हयात असताना त्याच्या पश्चात मिळू शकणारा वारसा ही फक्त आशा असते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६ सांगतं की अशी आशा हस्तांतरित करता येत नाही. तुम्ही आज हक्कसोड लिहून दिलीत आणि ते गृहस्थ मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, दोन्ही मुलगे आणि त्या गृहस्थांची आई हयात असेल तर ती, असे सगळे समान वाटेकरी होतात. म्हणजे मुलांच्या हातातल्या कागदाने मुलांचंच रक्षण होणार नाही, वर भांडण मात्र उभं राहील.

त्यांना हवं ते मृत्युपत्राने मिळतं. स्वकष्टार्जित मिळकत माणूस मृत्युपत्राने हवी त्याला देऊ शकतो. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, एवढंच कायद्याला लागतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर बरी. बंगला मुलांना, आणि तुम्हाला हयातीपर्यंत त्यात राहण्याचा हक्क, अशी सोय त्यात करता येते. मी अशी मृत्युपत्रं केली आहेत. दोन्ही बाजूंना शांत झोप लागते.

आणि तुम्हीही मृत्युपत्र करा, लग्नाच्या आधीच. याकडे फार थोड्या बायकांचं लक्ष असतं. लग्नानंतर तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तुमची मिळकत तुमची मुलगी आणि पती यांच्यात वाटली जाईल. पतीचा वाटा पुढे त्यांच्या मुलांकडे जाईल. "दवाखाना माझाच राहील" हे करारातलं वाक्य तुमच्या हयातीपुरतंच खरं आहे. बँकेत मुलीचं नॉमिनेशन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण मालकी वारसांची असते.

मुलीच्या जबाबदारीचं कलम : तिच्या खर्चाची कायदेशीर जबाबदारी तिच्या जन्मदात्यांची आहे. तुमच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात तिच्या शिक्षणाचा, लग्नाचा खर्च लिहिलाय का, ते काढून वाचा. सावत्र वडिलांवर ती नाही, हे तुमच्याकडून लिहून घेण्याची गरज नव्हती. नव्या घरात पाऊल ठेवण्याआधी त्या लेकराबद्दल असं वाक्य स्टॅम्पपेपरवर यावं, याचं मला वाईट वाटलं. ते काढायला सांगा.

मग लिहायचं काय? काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. विशेषतः दुसऱ्या लग्नात लिहावंच.

माझ्या आत्याचं लग्न १९६३ सालचं, साताऱ्याचं. तेव्हा याद केली होती. आपल्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून याद करत, अजूनही कितीतरी घरांत करतात. वर श्री, चार कोपऱ्यांना हळदीकुंकू, खाली देण्याघेण्याची यादी. आत्याच्या सासरी १९८९ मध्ये वाटण्या झाल्या. दीर म्हणाले, तिच्या हातातल्या पाटल्या घराण्याच्या आहेत, त्या वाटणीत घ्या. आत्या काही बोलली नाही. आत गेली, ट्रंकेतून चार घड्या घातलेला कागद घेऊन आली. निळी शाई जांभळी पडली होती, घड्यांवर कागद विरला होता. त्यावर ओळ होती : "मुलीस वडिलांकडून पाटल्या जोड एक, तोळे चार." खाली आजोबांची मोडीतली सही आणि शेजारी तिच्या सासऱ्यांची. दीर तो कागद वाचून उठून गेले. त्याच कागदावर हुंड्याचीही एक ओळ होती. १९६१ चा हुंडाबंदी कायदा येऊन दोन वर्षं झाली होती तरी होती, आणि ती वाचताना मला आजही लाज वाटते. पण पाटल्या वाचल्या त्या पाटल्यांच्या ओळीने.

त्या ओळीत अट नव्हती. "वेगळी झाली तर", "मागणार नाही", असलं काही नव्हतं. कुणाचं काय आहे आणि ते कुणी दिलं, एवढीच नोंद होती, आणि ज्याच्याविरुद्ध ती वापरायची वेळ येऊ शकते त्याच्या घरच्या कर्त्या माणसाची सही होती. लग्नाआधीच्या कागदाचं बळ माझ्या अनुभवात असंच आहे. भविष्याचा सौदा केलात तर कोर्ट कलम २३ दाखवतं. आजची वस्तुस्थिती लिहिलीत तर कोर्ट ती पुरावा म्हणून वाचतं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १४ तर असं आहे की वादाचा निकाल लावायला मदत होईल असा कुठलाही कागद न्यायाधीश पाहू शकतात, एरवीच्या पुराव्याच्या कायद्यात तो बसो वा न बसो. आणि २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांना आपली मिळकत, उत्पन्न, कर्जं शपथेवर सांगावी लागतात. लग्नाच्या वेळी सही केलेली यादी हाताशी असेल तर त्या शपथपत्रात लपवाछपवी करणं अवघड जातं.

म्हणून ती १४ कलमं बाजूला ठेवा आणि दोघांची याद करा. तुमच्याकडची : दवाखान्याचा गाळा, खुर्ची आणि एक्स-रेचं यंत्र बिलांसह, त्यावरचं शिल्लक कर्ज, ठेवी, विमा, सोनं वजनासह, सराफाच्या पावत्या जोडून. त्यांच्याकडची : बंगला, त्यात वडिलोपार्जित किती आणि स्वतः घेतलेलं किती, पहिल्या पत्नीचे दागिने (ते मुलांचे म्हणून वेगळे लिहा, मुलांना फार बरं वाटेल), कर्जं, कुणाला जामीन राहिले असतील तर तेही. कर्ज लपवलेलं असतं, मिळकत क्वचितच, म्हणून ते नीट विचारा. दोघांची तीन वर्षांची आयकर विवरणं जोडा. लग्नानंतर घर घ्यायचं असेल तर कुणी किती पैसे घालणार आणि खरेदीखतात कुणाचा किती टक्के हिस्सा, ते त्या त्या वेळी खरेदीखतातच लिहायचं, एवढं एक वाक्य घाला.

लग्नात मिळणाऱ्या भेटींसाठी तर नियमच आहे, १९८५ पासून. वधूला आणि वराला आलेल्या भेटींची वेगळी यादी, वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असल्यास नातं, आणि दोघांच्या सह्या. वधूची यादी वधूकडे, वराची वराकडे. हुंडाबंदी कायद्याखालचा हा नियम किती घरांत पाळला जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. मी माझ्या पुतणीच्या लग्नात पाळला. रात्री साडेअकराला आहेराची पाकिटं फोडत बसलो तेव्हा एकीने नावं वाचली, दुसरीने लिहिली. पाऊण तास लागला.

सही कशी करावी यावर कागदाचं वजन ठरतं. तुमचा वकील वेगळा, त्यांचा वेगळा. लग्नाच्या निदान महिनाभर आधी, म्हणजे हॉल ठरला, पत्रिका वाटल्या, आता नाही कसं म्हणू, असं दडपण होतं असं पुढे कुणी म्हणायला नको. प्रत्येक पानावर दोघांची सही, दोन्ही बाजूंचा एकेक साक्षीदार, भाषा दोघांना कळणारी. मुद्रांक योग्य लावा, अपुऱ्या मुद्रांकाचा कागद दंडासह शुल्क भरेपर्यंत पुराव्यात घेत नाहीत. नोटरीचा शिक्का फक्त सही तुमचीच आहे एवढं सांगतो. मजकूर कायदेशीर आहे की नाही, याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. आणि कुठलीही स्थावर मिळकत द्यायची-घ्यायची असेल तर ती या कागदात कोंबू नका, त्यासाठी वेगळा दस्त करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.

एक विनंती. हे सगळं त्या थोरल्या मुलाशी तुम्ही स्वतः बोला, वडिलांमार्फत नको. त्याच्या आईच्या दागिन्यांपासून सुरुवात करा.

प्रश्न : मॅडम, मी सावंतवाडीची, वय २६. लग्न म्हापशाच्या मुलाशी ठरलंय. नोंदणी गोव्यात होणार. मैत्रीण म्हणते, गोव्यात लग्न झालं की नवऱ्याचं अर्धं बायकोचं होतं. माझ्या बाबांनी माझ्या नावावर काजूची बाग केली आहे. मग तीही अर्धी त्याची होणार का? सासरचे म्हणतात, "नंतर बघू, कागद कधीही करता येतो."

उत्तर : तुझ्या वयाची मुलगी आहे मला, म्हणून तू म्हणते. "नंतर" हा शब्द गोव्यात चालत नाही, हे आधी पक्कं लक्षात ठेव.

गोव्याचा कौटुंबिक कायदा आपल्यापेक्षा वेगळा आहे. पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा तिथे १८७० पासून लागू झाला, आणि मुक्तीनंतर १९६२ च्या केंद्राच्या कायद्याने तो तसाच चालू ठेवला. वरच्या पत्रात मी म्हटलं की आपल्याकडे लग्नाआधीच्या कराराबद्दल कायद्यात काही नाही. गोव्यात बरोबर उलट आहे. तिथे असा करार कायद्यानेच मान्य केलाय, त्याचे प्रकारही सांगितले आहेत. नवराबायकोला चार रस्ते आहेत. सगळी मिळकत दोघांची सामाईक. सगळी पूर्णपणे वेगवेगळी. लग्नाआधीची ज्याची त्याची आणि लग्नानंतर मिळवलेली सामाईक. आणि जुन्या पद्धतीची स्त्रीधनासारखी चौथी व्यवस्था, जी आता क्वचित दिसते. काहीच लिहिलं नाही, तर पहिला रस्ता आपोआप लागतो. मग लग्नाआधीची, नंतरची, वारशाने आलेली, सगळी मिळकत दोघांची मिळून एक होते आणि त्यात प्रत्येकाचा अर्धा वाटा. तुझी मैत्रीण बरोबर सांगते, पण अर्धंच सांगते. त्याचं अर्धं तुझं होतं तसं तुझं अर्धं त्याचं होतं. काजूची बाग धरून.

बाग सिंधुदुर्गात आहे म्हणून सुटली, असं समजू नकोस. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोवेकराच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागू होतो, मिळकत भारतात कुठेही असो. ते प्रकरण वारशाचं होतं, लग्नाच्या मिळकतीचं नव्हतं. पण तेव्हा वाद मुंबईतल्या मिळकतीवरूनच होता, म्हणून सावध राहायचं.

मला स्वतःला सामाईक पद्धत वाईट वाटत नाही. खरं सांगायचं तर माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका गोव्यात असत्या तर सुखी झाल्या असत्या. २० वर्षं संसार केला, घर नवऱ्याच्या नावावर, बाई पोटगीच्या अर्जावर ताटकळतेय, हे चित्र तिथे तसं उभं राहत नाही. अर्धा हिस्सा तिचा असतोच. घर-जमीन विकायची तर दोघांची सही लागते. मृत्युपत्रानेसुद्धा मुलांना पूर्ण डावलता येत नाही, अर्धी मिळकत सक्तीच्या वारसांसाठी राखून ठेवावी लागते. त्यामुळे बाबांनी घाबरून लगेच "सगळं वेगळं" असा करार करायला लावला, तर तू काय सोडते आहेस तेही बघ. मुलाच्या घरची मिळकत, तुझी नोकरी, पुढे मुलं झाल्यावर तू घरी थांबणार का, या सगळ्याचा हिशेब मांड. तुझ्यासारख्या मुलींना मी बहुतेक वेळा तिसरा रस्ता सुचवते : बाग तुझी, त्याचं आधीचं त्याचं, आणि दोघांच्या संसारात जे उभं राहील ते दोघांचं.

आता करार कशाने पक्का होतो ते. साध्या स्टॅम्पपेपरवर सही करून तिथे भागत नाही. तो सार्वजनिक दस्तच लागतो, सिव्हिल रजिस्ट्रार कचेरीतल्या विशेष नोटरीसमोर केलेला. आणि तो लग्नाच्या आधीच व्हायला हवा. लग्न झाल्यावर करता येत नाही आणि केलेला बदलताही येत नाही. सासरचे "कधीही" म्हणतात ते म्हणूनच चूक आहे.

लग्न कधी झालं म्हणायचं, तेही समजून घे. गोव्यात नोंदणीच्या दोन सह्या असतात. आधी लग्नाचा इरादा जाहीर करायचा, त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पुन्हा जाऊन तो कायम करायचा. दुसऱ्या सहीने विवाह कायद्याच्या दृष्टीने पुरा होतो. मंडपात सप्तपदी झाली, मंगळसूत्र गळ्यात आलं, आणि दुसरी सही राहूनच गेली, असं होऊन फसलेल्या मुली तिथे आहेत. पहिली सही झाली म्हणजे लग्न झालं, असं त्यांना सांगितलेलं असतं. नवरा हात वर करतो तेव्हा कळतं की कागदोपत्री आपण कुणाच्याच कुणी नाही. तेव्हा तुझा क्रम असा : पहिली सही, मग विशेष नोटरीकडे कराराचा दस्त, मग दुसरी सही, आणि मग वाजंत्री. दस्ताची प्रमाणित प्रत बाबांकडे नाही, तुझ्या स्वतःच्या कपाटात ठेव.

प्रश्न : मी सांगलीची शिक्षिका, मुस्लिम. निकाहनाम्यात स्वतःच्या अटी घालता येतात का, की तो छापील फॉर्म आहे तसाच भरायचा?

उत्तर : घालता येतात, बाई. तुमच्याकडे निकाह हाच मुळात करार आहे, त्यामुळे वर सांगितलेली हिंदू विवाहाची अडचण इथे तशी येत नाही. मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, किती, त्यातला लगेच किती आणि मागाहून किती, हे आकड्यात लिहा. ५०० किंवा ७८६ रुपये लिहून मोकळं होण्याची रीत सोडा. दुसरा निकाह करणार नाही, तुमची नोकरी चालू राहील, आणि ठराविक अट मोडल्यास तलाकचा अधिकार तुम्हाला, ज्याला तलाक-ए-तफवीज म्हणतात, ही कलमं कोर्टांनी मानलेली आहेत. मेहर हुंड्याच्या व्याख्येत येत नाही. फक्त पोटगी सोडल्याचं लिहून देऊ नका. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेखाली (तिच्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे) पोटगी मागता येते.

प्रश्न : माझी मुलगी ठाण्यात आर्किटेक्ट आहे. जावई सॅन होजेला सॉफ्टवेअरमध्ये. लग्न १२ दिवसांवर आहे. काल त्यांच्याकडून ३१ पानांचा इंग्रजी करार ईमेलने आला, "शुक्रवारपर्यंत सही करून स्कॅन पाठवा, तिकडे सगळे करतात" असं लिहिलंय. मुलगी दोन दिवस जेवली नाही. भारतात असे करार चालत नाहीत असं ऐकून आहे, मग सही करायला हरकत आहे का?

उत्तर : काका, हरकत आहे. लग्न ठाण्यात लागलं तरी संसार कॅलिफोर्नियात होणार, आणि तिथे हे करार चालतात, चांगले चालतात. उद्या वाद झाला तर तो सॅन होजेच्या कोर्टात उभा राहील. इथल्या कलम २३ चा तिथे आधार मिळणार नाही.

पण त्याच कायद्याने तुमच्या मुलीला कवचही दिलंय. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात २०२० पासूनच्या करारांना एक अट आहे : कराराचा अंतिम मसुदा हातात पडल्यापासून सही करेपर्यंत पूर्ण सात दिवस जायला हवेत. ती अट मोडून केलेली सही स्वेच्छेची मानली जात नाही. मुलीचा स्वतंत्र वकील हवा. तिला तो नको असेल तर वकील घेण्याचा सल्ला मिळाल्यानंतर तिने वेगळ्या कागदावर तसं लिहून द्यावं लागतं, आणि करारातल्या अटी आणि ती कुठले हक्क सोडते आहे ते तिला नीट कळणाऱ्या भाषेत लेखी समजावून द्यावं लागतं. पोटगी सोडण्याचं कलम तर ती वकिलाविना असेल तर तिच्याविरुद्ध लागूच होत नाही. समोरच्याने आपली मिळकत आणि कर्जं मोकळेपणाने दाखवलेली असायला हवीत. मुलांच्या खर्चाला कराराने कात्री लावता येत नाही.

एक गोष्ट तिला नीट समजावून सांगा. कॅलिफोर्नियात करार नसेल तर लग्नानंतर दोघांपैकी कुणीही कमावलेलं दोघांचं निम्मं-निम्मं असतं. जावयाचा पगार, कंपनीने दिलेले शेअर, सगळं. सुरुवातीची काही वर्षं तुमच्या मुलीला तिथे कामाची परवानगी नसेल तर हे तिच्यासाठी किती मोलाचं आहे ते बघा. ३१ पानांतून बहुधा नेमकं हेच काढून घेतलेलं असेल. ते पान शोधा.

मुलाच्या घरच्यांना वाईट हेतू चिकटवू नका. तिकडे तरुण मुलं असे करार करतात हे खरं आहे, आणि मुलगा चांगला असूनही वकिलाने दिलेला छापील मसुदा न वाचता पुढे ढकलतो, असंही होतं. मुलीने आज रात्रीच त्याला स्वतः फोन करावा, आईवडिलांना वगळून, आणि तीन गोष्टी मागाव्यात : कॅलिफोर्नियात वकिली करणारा तिचा स्वतःचा वकील, ज्याची फी बहुतेक वेळा मुलाकडचेच देतात आणि त्यात गैर काही नाही; त्याच्या मिळकतीची आणि कर्जांची यादी; आणि सही शुक्रवारी नाही, बदल होऊन अंतिम झालेला मसुदा हाती आल्यापासून निदान सात दिवसांनी. १२ दिवसांत हे बसत नसेल तर करार राहू दे किंवा मुहूर्त पुढे जाऊ दे. हॉलचा ॲडव्हान्स गेला तर जाऊ द्या, काका. आणि तो फोन होईपर्यंत त्या पोरीला चार घास खायला घाला.